‘तांत्रिक अडचण’ नावाची पळवाट

मराठीच्या प्राध्यापकवर्गात ‘तांत्रिक अडचण’ हा शब्दप्रयोग फार सुखाने नांदतो आहे. परिसंवादाला उशीर झाला, तांत्रिक अडचण. विभागाचे जुने अंक संगणकावर वाचता येत नाहीत, तांत्रिक अडचण. हा शब्द उच्चारला की पुढचे सारे प्रश्न आपोआप गळून पडतात आणि बोलणाऱ्याच्या प्रतिष्ठेलाही धक्का लागत नाही; उलट, आपण यंत्राच्या भानगडीत न पडणारे शुद्ध साहित्याचे माणूस आहोत, हे जाता जाता सिद्ध होते. ज्याला तांत्रिक अडचण म्हटले जाते ती पुष्कळदा न वाचलेल्या मजकुराची अडचण असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाचन हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनीच एक संपूर्ण लेखनप्रकार वाचायचा नाही असे ठरवून टाकले आहे. त्या लेखनप्रकाराचे नाव इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट आणि ती चालताना पडद्यावर उमटणारे संदेश.

एक ठोस उदाहरण घेऊ. टेसेरॅक्ट ही छापील पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखणारी प्रणाली. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत 1985 ते 1994 या काळात तिचे काम झाले, 2005 मध्ये ती मुक्तस्रोत झाली, 2006 पासून काही वर्षे गूगलच्या आश्रयाने वाढली. 2018 च्या चौथ्या आवृत्तीपासून ती न्यूरल जाळ्याच्या पद्धतीने अक्षरे ओळखू लागली. मराठीचा भाषासंच तिच्यासाठी उपलब्ध आहे. टर्मिनलवर काम करायला ज्यांना संकोच वाटतो त्यांच्यासाठी जीइमेजरीडर नावाचा मुक्तस्रोत डेस्कटॉप प्रोग्राम आहे. तो आतून टेसेरॅक्टच वापरतो, बाहेरून मात्र नेहमीसारखी खिडकी आणि बटणे दाखवतो. ग्रंथालयांत चित्ररूपाने पडून असलेल्या जुन्या मराठी नियतकालिकांच्या पानांत शब्द शोधता यावा, एखाद्या लेखकाने अमुक संज्ञा प्रथम कधी वापरली हे पाहता यावे, ही कुणाही संशोधकाच्या मनातली इच्छा. तिच्या दिशेने जाणारी ही एक वाट, आणि ती विनामूल्य आहे.

आता त्या वाटेवर काय होते ते पाहा. आमच्या परिचयाच्या एका मराठी विभागात सुमारे तीस वर्षांचे अंक स्कॅन करून झाले, प्रोग्राम उतरवून झाला, आणि पहिल्याच पानाला पडद्यावर पाच ओळींचा संदेश आला. तो कुणी वाचला नाही. ‘हे चालत नाही’ असा शेरा मारून सगळे काम बाहेरच्या एका टंकलेखकाकडे गेले. त्याने निम्मा मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या एका फॉन्टात टंकित करून दिला. म्हणजे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर आज तो मजकूर निव्वळ खुणांचा कचरा दिसतो. पैसे गेले, वर्ष गेले, आणि अंक पुन्हा होते तिथेच.

त्या पाच ओळी काय म्हणत होत्या? पहिली : अमुक ठिकाणची मराठीची माहिती-फाइल उघडता आली नाही. दुसरी : टेसडेटा-प्रीफिक्स हे चल तुमच्या टेसडेटा फोल्डरकडे रोखलेले असल्याची कृपया खात्री करा. तिसरी : मराठी भाषा चढवता आली नाही. चौथी : कोणतीच भाषा चढवता आली नाही. पाचवी : टेसेरॅक्ट सुरू करता आले नाही. पदव्युत्तर वर्गात आपण विद्यार्थ्यांना विधान, अनुमान आणि परिणाम यांतला भेद शिकवतो. तो येथे लावून पाहा. पहिली ओळ हे विधान आहे, प्रणालीने जे प्रत्यक्ष केले आणि जे घडले त्याचे. शेवटच्या तीन ओळी परिणाम आहेत, त्यांत नवे काही नाही. दुसरी ओळ मात्र अनुमान आहे, आणि ते उपदेशाच्या सुरात आले आहे. फाइल सापडत नाही तेव्हा बहुधा पत्ता चुकला असेल, असा प्रणाली लिहिणाऱ्याचा तर्क. प्रत्यक्षात पुष्कळदा मराठीची फाइल मुळात बसवलेलीच नसते, कारण उबुंटू किंवा डेबियनमध्ये मूळ प्रणालीबरोबर इंग्रजी येते आणि मराठीचा संच वेगळा मागून घ्यावा लागतो. जो वाचक विधान सोडून उपदेशाच्या मागे लागतो, तो चल भलतीकडे रोखून बसतो आणि चालणारी इंग्रजीही घालवतो. पाचपैकी कोणती ओळ बोलते आहे आणि कोणती केवळ री ओढते आहे, हे ओळखायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. भाषेची जाण लागते.

पण खरी गंमत पुढे आहे. हीच दुसरी ओळ तिसऱ्या आवृत्तीच्या काळात निराळी होती. तेव्हा ती सांगे, चल टेसडेटा फोल्डरच्या पालक फोल्डरकडे, म्हणजे एक पायरी वर, रोखा. चौथ्या आवृत्तीच्या वाटचालीत हा संकेत बदलला आणि चल थेट टेसडेटा फोल्डरकडेच रोखावे असे ठरले. म्हणजे संदेशातले ‘पालक’ एवढेच पद गळले आणि सूचनेचा अर्थ एका पायरीने सरकला. जुन्या आवृत्तीसाठी कुणी तरी लिहून ठेवलेली, तेव्हा अगदी अचूक असलेली सूचना आज पाळली की आज चूक होते. यालाच आपल्या शास्त्रात पाठभेद म्हणतात. सूचना कोणत्या आवृत्तीची, ती लिहिणाऱ्यापुढे कोणती संहिता होती, हे विचारल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1966 मध्ये पूर्ण झाले. एवढ्या दीर्घ पाठचिकित्सेचा वारसा मिरवणाऱ्या प्रांतातल्या अभ्यासकांना दोन आवृत्त्यांतला एका पदाचा फरक दिसू नये, याला तांत्रिक अडचण म्हणायचे?

आणखीही प्रकार आहेत. प्रणाली स्रोतावरून स्वतः बांधली, तर ती भाषासंच एका ठिकाणी शोधते. वितरकाच्या भांडारातून मागवलेला मराठीचा संच दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसतो. दोन्ही यंत्रात असतात आणि एकमेकांना भेटत नाहीत. पत्ता पहिल्या ओळीत शब्दशः दिलेला असतो. किंवा कुणी संकेतस्थळावरून मराठीची फाइल उतरवताना फाइलीऐवजी ती दाखवणारे पानच साठवून घेतो. नाव बरोबर, शेपूट बरोबर, आत मात्र भलतेच. मेगाबाइटांत मोजली जायची ती फाइल काही किलोबाइटांची निघते, आणि साध्या संपादकात उघडली तर आत एचटीएमएल दिसते. किंवा भाषेची खूण. यंत्राच्या भाषा-मांडणीत मराठीला दोन अक्षरांची खूण, ‘एम-आर’. टेसेरॅक्टला हवी तीन अक्षरांची, ‘एम-ए-आर’. पहिली दिली की भाषा नाही असे उत्तर येते आणि विभागात बातमी पसरते की याला मराठी येत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो करणारे आमचे मित्रच आहेत. ते म्हणतात, श्रमविभागणी नावाची काही चीज आहे की नाही? छापखान्यात खिळे जुळवणे हे कधी लेखकाचे काम नव्हते, मग स्क्रिप्ट दुरुस्त करणे हे समीक्षकाचे काम कसे? आक्षेप वरवर योग्य वाटतो, पण उदाहरणच त्याच्या विरुद्ध जाते. लेखक खिळे जुळवत नव्हता हे खरे. मुद्रिते मात्र तोच तपासत होता. अनुस्वार कुठे पडला, कुठली ओळ वगळली गेली, हे तो जुळाऱ्यावर सोपवून निजत नव्हता. आम्ही कुणाला स्क्रिप्ट लिहायला सांगत नाही. पडद्यावर आलेले मुद्रित वाचा, एवढेच म्हणतो. दुसरे असे की, ज्याच्यावर हे काम सोपवले जाते तो यंत्र जाणतो, मजकूर जाणत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत प्रणालीने गफलत केली तर ती त्याच्या डोळ्यांना दिसणार नाही. आणि हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिता येतो, दिसायला सारखा पण शोधताना भिन्न, हे त्याला कुणी सांगायचे? ज्या कामात अखेरचा निवाडा आपलाच असतो, त्या कामाच्या दारातच पाठ फिरवणे याला श्रमविभागणी म्हणता येणार नाही.

मात्र आमची तक्रार एकट्या प्राध्यापकांविरुद्ध नाही. पलीकडच्या बाजूची मंडळीही तितकीच दोषी आहेत, कदाचित काकणभर अधिक. मुक्त प्रणालीचा पुरस्कार करणाऱ्या कुणालाही अडचण विचारा. तो एक ओळ देतो आणि म्हणतो, ही चिकटवा. ती ओळ काय करते हे तो सांगत नाही, विचारले तर त्याला राग येतो. दूरच्या ठिकाणावरून एक स्क्रिप्ट आणून ती न पाहताच थेट चालवायला देणारी ओळ तर आता इन्स्टॉलेशनची रूढ पद्धत होऊन बसली आहे. स्रोत खुला ठेवण्याचे सारे प्रयोजन तो कुणीही वाचावा हे. आणि पद्धत अशी की कुणी वाचूच नये! मंत्र अर्थ न कळता म्हटला तरी फळतो, असे मानणाऱ्या परंपरेवर हीच मंडळी एरवी तुटून पडतात.

याचा सर्वांत बोलका नमुना पायथॉनच्या संदर्भात सापडतो. 2023 मध्ये आलेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीपासून, यंत्राच्या मूळ पायथॉनमध्ये बाहेरचे सामान घुसवू पाहिले तर प्रणाली नकार देते. हा नकार एका ओळीचा नाही. चांगला परिच्छेदभर, सभ्य गद्यात लिहिलेला आहे : हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते, तुम्हांला हवे ते भांडारातून मागवा, अथवा वेगळे आभासी वातावरण तयार करून त्यात बसवा. अखेरीस, हे सगळे डावलायचेच असेल तर एक पर्याय दिला आहे, आणि त्याचे नाव ठेवणाऱ्याने मुद्दाम असे ठेवले आहे की वाचणाऱ्याने थबकावे. त्या नावाचा अर्थ शब्दशः ‘प्रणालीची पॅकेजे मोडा’ असा होतो. सल्ला मागणाऱ्यांना सर्रास दिली जाणारी चिकटवायची ओळ नेमकी हीच असते. सारा परिच्छेद ओलांडून ‘मोडा’ हा शब्द उचलायचा आणि यंत्राला द्यायचा. मग काही मोडले की आश्चर्य व्यक्त करायचे.

न वाचण्याची किंमत कधी कधी एका रिकाम्या जागेएवढी असते. 2011 मध्ये बंबलबी या मुक्त प्रकल्पाच्या इन्स्टॉलेशन स्क्रिप्टमध्ये, एनव्हिडियाच्या एका जुन्या फोल्डराचा मार्ग पुसण्याची आज्ञा होती. त्या मार्गात ‘यूएसआर’ या पहिल्या घटकानंतर चुकून एक जागा सुटली. एका मार्गाचे दोन मार्ग झाले, आणि पहिला होता यंत्राचा संपूर्ण ‘यूएसआर’ फोल्डर, म्हणजे जवळजवळ सारी प्रणाली. ज्यांनी ती स्क्रिप्ट चालवली त्यांच्या यंत्रातून ती पुसली गेली. पदच्छेद चुकला की अर्थाचा अनर्थ होतो हे आपण अलंकाराच्या तासाला हसत हसत शिकवतो. येथे तो यंत्राने शब्दशः करून दाखवला. जानेवारी 2015 मध्ये लिनक्सवरच्या स्टीमच्या स्क्रिप्टमध्ये असेच झाले. ती प्रणाली मुक्तस्रोत नव्हे, पण स्क्रिप्ट वाचण्याजोगी उघडी होती. ज्या फोल्डरातले सर्व काही पुसायचे त्याचे नाव एका चलात होते. काही परिस्थितीत ते चल रिकामे राहिले, आणि ‘या फोल्डरातले सर्व पुसा’ या आज्ञेतून फोल्डर वजा होऊन ‘सर्व पुसा’ एवढेच उरले. त्या ओळीच्या शेजारी लिहिणाऱ्याने स्वतःच टीप लिहून ठेवली होती, एकाच शब्दाची : भीतिदायक! ग्रंथकार स्वतः समासात भीती व्यक्त करतो आणि ती वाचायला कुणी जात नाही, असा प्रसंग साहित्याच्या इतिहासातही विरळाच.

अदृश्य अक्षरांची गोष्ट तर वेगळ्या लेखाची. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर चालवली की कधी कधी ‘दुभाष्या वाईट आहे, अशी फाइल नाही’ या अर्थाचा संदेश येतो. फाइल डोळ्यांसमोर असते. दोष प्रत्येक ओळीच्या शेवटी चिकटलेल्या एका न दिसणाऱ्या चिन्हाचा. टंकलेखन यंत्रात गाडी उजवीकडे परत ढकलायची असे, त्या क्रियेचे ते भूत. पहिल्या ओळीतल्या दुभाष्याच्या नावाला ते चिकटते, आणि त्या नावाचा दुभाष्या यंत्रात खरोखरच नसतो. संदेश खोटे बोलत नाही; कोणती फाइल नाही, हे आपण चुकीचे वाचतो.

हा सारा किरकोळ गोंधळ आहे, यात एवढे चिडण्यासारखे काय, असे ज्यांना वाटते त्यांनी मार्च 2024 ची घटना पाहावी. एक्सझेड नावाची माहिती आवळून ठेवणारी मुक्त प्रणाली जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रात असते. तिच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट घातली गेली होती. ती घालणाऱ्याने दोनेक वर्षे निमूट काम करून प्रकल्पाचा विश्वास मिळवला होता. कळीची गोष्ट ही की, ती वाट उघडणारी ओळ सार्वजनिक भांडारातल्या स्रोतात नव्हतीच. वितरणासाठी जे गाठोडे बांधले गेले त्यातल्या बांधणीच्या एका स्क्रिप्टमध्ये ती होती, आणि तिने ओढून काढायचा ऐवज चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता. म्हणजे सर्वांना दिसणारी संहिता एक, आणि प्रत्यक्ष हातात पडणारी संहिता दुसरी. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशाला अर्ध्या सेकंदाचा अकारण उशीर होतो आहे असे जाणवले, तो त्याच्या मागे गेला, आणि ही प्रक्षिप्त ओळ उजेडात आली. त्या आवृत्त्या मुख्य वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत पोचण्याआधीच हे घडले, म्हणून निभावले.

‘प्रक्षिप्त’ हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक योजला आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच भयापोटी. हातोहाती नकला होताना कुणी आपली ओवी आत सरकवतो, आणि भोळा वाचक तीही मूळची म्हणून पाठ करतो. पुढे कुणी असे करू नये, असे त्यांनी बजावूनही ठेवले. मूळ प्रत कोणती, प्रचलित प्रत कोणती, दोहोंत फरक कुठे आणि तो कुणी केला, हे चार प्रश्न एक्सझेडच्या बाबतीत वेळेवर विचारले गेले असते तर अर्ध्या सेकंदाच्या योगायोगावर जग विसंबले नसते. ते प्रश्न विचारण्याची शिस्त आपल्याकडे चार शतकांहून जुनी आहे. तिचे धनी मात्र म्हणतात, हा आमचा विषय नव्हे.

मराठी अनुवादाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपांचे मराठीकरण झालेले आहे, आणि ते बहुतांशी अभियंत्यांनी, फावल्या वेळात, कुणीही विचारत नसताना केलेले आहे. त्याला कृत्रिम म्हणून नाके मुरडणे सोपे आहे. आम्हीही काही संज्ञांवर हसलो आहोत. परंतु त्या संज्ञा ठरवताना भाषेच्या अभ्यासकांपैकी किती जण तिथे होते? परिणाम असा की मराठी मांडणीच्या यंत्रावर संदेश अर्धा मराठीत, अर्धा इंग्रजीत येतो, आणि जाणकार मंडळी पहिला सल्ला देतात तो संदेश पुरते इंग्रजीत आणण्याचा, कारण मराठी संदेशाचे उत्तर शोधून सापडत नाही. सापडणार कसे? मराठीत तशी अडचण कुणी लिहिलेलीच नाही. ‘हे चालत नाही’ ही तीन शब्दांची समीक्षा तेवढी जागोजागी मिळते.

त्या विभागातल्या अंकांचे काम पुन्हा सुरू व्हावे म्हणून आमच्यापैकी काही जण प्रयत्न करीत आहेत. यंत्रात टेसेरॅक्टची आवृत्ती कोणती, मराठीचा संच कुठून आणला, नेमकी कोणती आज्ञा दिली, काय अपेक्षित होते आणि पडद्यावर शब्दशः काय आले, हे एका कागदावर लिहून द्यावे, एवढीच विनंती आम्ही तिथल्या प्राध्यापकांना केली. कागद अजून आलेला नाही. आला तर तो याच पानांवर, संदेशाच्या पाचही ओळींसह, छापू.